लाभाची पुडी

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नवी जागा, म्हणून नवी वही. सव्वासातच्या एसटीने मानवत सोडलं, परभणीला गाडी बदलली आणि दहा वाजून पाच मिनिटांनी पोखर्णीला उतरलो. कंडक्टर म्हणाला, ट्रंक वीस किलोच्या वरची दिसते. मी म्हटलं, अठरा किलो सहाशे, लावायची पैज? तेवढ्यात मागच्या सीटवरून कुणीतरी म्हणालं की, कंडक्टर साहेब, नादी लागू नका, हे धान्याच्या मोंढ्यातले शिवरुद्रअप्पा हायेत, डोळ्यानं वजन करतेत. गाडीभर हशा झाला. खिडकीशी बसलेली माझी बायको त्रिवेणी तेवढी हसली नाही.

जागा मनासारखी आहे. गावापासून दीड किलोमीटरवर बंद पडलेलं कापसाचं जिनिंग, त्याचं गोदाम चाळीस फूट बाय बावीस, पत्रे नवे, आतून ताजा चुना. पाटी ‘निसर्गोपचार केंद्र’ अशी. मागच्या महिन्यात इथला जुना वजनकाटा दुरुस्त करायला आलो होतो. पन्नास ग्रॅमचाही फरक दाखवील असा करून दिला. केंद्र चालवणाऱ्या अर्पिता मॅडमनी विचारलं, कुठं शिकलात? म्हटलं, कुठंच नाही. दहावी नापास. एका इंग्रजी कॅटलॉगवरून, मांडीवर डिक्शनरी घेऊन, तीन वर्षांत. पोरगी जन्मली तेव्हा नर्सबाईने वजन तीन किलो लिहिलं होतं. मी पुन्हा मोजायला लावलं. तीन किलो दोनशे भरलं. मॅडम हसल्या आणि तिथंच नोकरी देऊ केली.

आमची खोली गोदामाला लागून आहे. त्रिवेणीने आल्या आल्या खिडकी स्वतःच्या हाताने उघडली. ही मोठी गोष्ट आहे. आमची पोरगी शालू गेल्याला दोन वर्षं चार महिने झाले, तेव्हापासून हिच्या तोंडून शब्द नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. इथं ती बोलेल. मी पगारासाठी आलेलो नाही.

बुधवार, ८ जानेवारी

मॅडमनी काम समजावून दिलं. मागच्या अंधाऱ्या खोलीत डब्यांमधून भुईछत्र्या वाढवतात. त्या वाळवून पूड करायची, सोनाराच्या काट्यावर तोलून पुड्या बांधायच्या. दर पंधरा दिवसांनी, रविवारी, पाच जणांची बैठक. पुडी मधातून घ्यायची, डोळ्यांवर पट्टी, सतईवर, म्हणजे चटईवर, पडून राहायचं, चार-पाच तास. मॅडम शेजारी. ज्यांच्या मनाला कुठलीच गोळी लागू पडत नाही, त्यांची गाठ यातून सुटते असं त्या म्हणतात. त्या परदेशात हेच शिकून आल्या. आपल्याकडे ते कायद्यात बसत नाही, म्हणून बोलायचं नाही, असंही स्पष्ट सांगितलं. मला आवडलं. आडपडदा नाही.

स्वयंपाकाला सुगंधाबाई आहेत, पोखर्णीच्याच. त्यांचं म्हणणं, जिंदगीभर शेरडं राखली, पावसाळ्यात उकिरड्यावरची कुत्र्याची छत्री लाथेनं उडवली, आता तीच खायला शिकले-सवरलेले लोक मोटारीतून यायलेत, लय मजा हाय.

त्रिवेणीसाठी विचारलं. मॅडमचा नियम, माणसाची स्वतःची मान हलली पाहिजे. नवऱ्याची चालत नाही. मी थांबेन.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुगंधाबाईंनी त्रिवेणीला कुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला आणि सवयीने म्हणून गेल्या, गोड गोड बोला. मग जीभ चावली. त्रिवेणीने तिळगूळ खाल्ला नाही, पदराच्या टोकाला बांधून ठेवला. पूर्वी ती शालूसाठी असाच बांधून आणायची.

शनिवार, १८ जानेवारी

उद्या पहिली बैठक. दुपारी पुड्या तोलल्या. पाच हव्यात, सहा केल्या. मॅडमना सांगितलं नाही, सांगण्यासारखं काही नाही.

आमच्या मोंढ्यात माप घालताना कुणी ‘एक’ म्हणत नाही. पहिल्या मापाला ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. आणि आमच्या घराण्यात आजोबांपासून आणखी एक रीत आहे. ते लाभाचं माप गिऱ्हाइकाच्या पोत्यात जात नाही. बाजूला काढायचं. चिमण्या घेवोत, मुंग्या घेवोत. नाव घेऊन कुणाला द्यायचं नाही. जो घेईल त्याचं. पंचेचाळीस वर्षं हे बघत आलोय, त्याशिवाय माझा हात काट्याला लागत नाही. तेव्हा लाभाची पुडी बांधली, बैठकीच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली. मग दोन, तीन, चार, पाच, सहा.

रविवार, १९ जानेवारी

उत्तम झालं! नऊ वाजता पाचही जणांची वजनं घेतली, चारला पुन्हा घेतली. येडबा म्हणून एक मेंढपाळ होता, पन्नाशीचा. भाऊ विहिरीत गेल्यापासून तीन वर्षं धड झोपला नव्हता. उठला तो आधी रडला आणि मग इतका हसला की सुगंधाबाई चुलीवरचं सोडून बघायला आल्या. म्हणाला, अप्पा, भाऊ भेटला, राग न्हाई त्याला.

जाताना त्याने विचारलं की सहावा माणूस कोण होता. मी म्हटलं, पाचच होते. तो म्हणाला, न्हाई, माझ्या अन् भिंतीच्या मधी एक जण पडला व्हता, त्याला आमच्यासारखी पट्टी नव्हती. मी म्हटलं, छत्री जास्त चढली. दोघेही हसलो.

नोंद: पाच जणांची मिळून घट चार किलो दोनशे. मॅडम म्हणतात, उपाशी पोट आणि घाम.

सोमवार, २० जानेवारी

कोनाड्यातली पुडी रिकामी. कागद मात्र मी घालतो त्याच घडीत, चार दुमड्या, टोक आत. मुंग्या कागद दुमडत नाहीत. सुगंधाबाईंना विचारलं. त्यांनी कानाला हात लावले.

रविवार, २ फेब्रुवारी

दुसरी बैठक. शनिवारी लाभाची पुडी ठेवली होती. आज चार वाजता पाहिली तर रिकामी. घडी जशीच्या तशी.

चंद्रभान गुरुजी, निवृत्त शिक्षक, तोलूनमापून बोलणारे, वेडगळ नव्हेत. त्यांनी सांगितलं की कुणीतरी सतया ओलांडत प्रत्येकाजवळ येऊन बसलं. चेहरा नव्हता, म्हणजे अजून आला नव्हता, असे त्यांचे शब्द. प्रत्येकाच्या कपाळाला हात लावला आणि विचारलं, ताप किती? बाकी चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं. चौघांनीही तेच सांगितलं.

घट आठ किलो सहाशे. काटा पुन्हा तपासला. काट्यात दोष नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मॅडमनी साठा मोजला. दोन पुड्यांइतकी पूड कमी. माझ्याकडे बघून नव्हे, वहीकडे बघून विचारलं. तेव्हा सांगायला हवं होतं. पण एवढ्या शिकलेल्या बाईसमोर मोंढ्यातली रीत काय सांगणार? आणि तोलण्यात चूक झाली असंही म्हणवेना. आयुष्यात म्हटलेलं नाही. मी म्हणालो, ओल उडाली की पूड हलकी होते. त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात.

रविवार, १६ फेब्रुवारी

तिसरी बैठक. प्रियांका नावाची मुलगी होती, नर्सिंगला शिकते. आमचं कुणाचं तिला काही माहीत असण्याचं कारण नाही.

तिने सांगितलं, सहावी होती ती मुलगी होती. एकोणीस-वीसची. कपाळावर ओली पट्टी, पट्टी पिवळी, काठाला हिरवी वेल. ताप विचारत नव्हती आता. म्हणत होती, अप्पांनी लिहिला का बघ.

पिवळा कपडा, हिरवी वेल. तो आमच्या घरातला टॉवेल आहे. कपाळावर ठेवायच्या पट्टीसाठी मीच फाडला होता.

घट अकरा किलो नऊशे. एकाला उभं राहवेना, खुर्चीवरून मोटारीत नेला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

हे कुठंतरी लिहिलं पाहिजे.

सप्टेंबर २०२२. शालूला ताप आला. त्रिवेणी म्हणाली, दवाखान्यात न्या. मी वैद्यकाची चार पुस्तकं वाचलेली. पपईच्या पानांचा रस मापून, गोळ्या वेळेवर, दर दोन तासांनी थर्मामीटर. वेगळी वही केली. पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलं: एवढ्या तापाला दवाखाना लागत नाही. तीन दिवसांत छत्तीस नोंदी, एकही चुकली नाही. त्रिवेणी चार वेळा म्हणाली. चौथ्यांदा मी तिला म्हणालो, तू शिकलेली आहेस का?

तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. शेवटची नोंद ९८.६. मी वही तिच्यापुढे धरली, बघ म्हटलं. शालूला धरून काट्यावर उभी केली, एक्केचाळीस किलो तीनशे. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरं जपायचं असतं, हे परभणीच्या दवाखान्यात पोरसवद्या डॉक्टरने मला सांगितलं. तोवर ती गेली होती.

त्रिवेणीने त्यानंतर तोंड उघडलं नाही. कुणावर रागावली आहे असं लोक विचारतात. मी म्हणतो, धक्का बसलाय.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

काल शिवरात्र. उपवास केला. लिंगपूजेत मन लागलं नाही, बेरीज डोक्यात होती.

चार दोनशे, आठ सहाशे, अकरा नऊशे. चोवीस किलो सातशे.

कुठंतरी जमा होतंय.

शनिवार, १ मार्च

पाचच पुड्या बांधल्या. तोंडाने मोठ्याने ‘एक’ म्हणालो. जन्मात पहिल्यांदा. कोनाडा पुसून त्यात पाण्याचा तांब्या ठेवला.

रविवार, २ मार्च

चूक. वाटा मिळाला नाही तर घेणारा उपाशी राहत नाही.

सकाळी दहा वाजता कोनाड्यातला तांब्या खाली आला. पडला नाही, कुणी तरी उतरवून ठेवला. मी दारातून पाहिलं. पाच सतया, पाच माणसं. मधल्या रिकाम्या जमिनीवर सतई नसताना धुळीत ठसा. टाचा. खांदे. डोक्याच्या जागी ओल.

येडबा दुसऱ्यांदा आला होता. आता भाऊ भेटत न्हाई, म्हणाला, तीच पोरगी आडवी येती. गालफडं बसलीत त्याची. जाताना सुगंधाबाईंना म्हणाला, मावशे, मी लय हलका झालोय, वारं आलं तर धर मला. चेष्टा म्हणून म्हणाला, पण चौकट धरूनच बाहेर पडला.

घट तेरा चारशे.

एकूण अडतीस किलो शंभर.

एक्केचाळीस तीनशेला कमी किती ते मी लिहिणार नव्हतो. तीन किलो दोनशे.

तीन किलो दोनशे. नर्सबाईने तीन म्हटलं होतं. मी पुन्हा मोजायला लावलं होतं. हे वजन एकाच माणसाकडून, आईकडून, आलेलं आहे आणि एकाच माणसाकडून येऊ शकतं.

बुधवार, ५ मार्च

मॅडम केंद्र बंद करणार. जे आपल्याला कळत नाही ते माणसांना देणार नाही, म्हणाल्या. दोन वेळा डोळे पुसले. गुन्हा त्यांचा नाही. सांगायला तोंड उघडलं होतं मी.

तेवढ्यात त्रिवेणी दारात आली. येडबा जाताना तिच्याशी बोलून गेला होता, ते मला आज कळलं. पोरीचं वर्णन केलं त्याने. त्रिवेणी मॅडमसमोर उभी राहिली आणि तिने मान हलवली. एकदा नाही. हलवतच राहिली.

मॅडम नाही म्हणाल्या. मी पाय धरले. मी. म्हटलं, यासाठीच आलो, एकच बैठक, हिची एकटीची.

सगळं माहीत असून. ती बोलेल म्हणून. तीन किलो दोनशे गेल्याने माणूस मरत नाही, असा हिशेब केला. माझे हिशेब —

मॅडम कबूल झाल्या. सोळा तारीख.

सोमवार, १० मार्च

सुगंधाबाई काम सोडून गेल्या. भांडी घासून, पालथी घालून. म्हणाल्या, अप्पा, तुमी देवमाणूस असाल, पण तुमच्या हाताचं माप नगं आता.

शनिवार, १५ मार्च

पुडी बांधली. एकच लागणार होती. तोंडातून आपोआप ‘लाभ’ निघालं.

त्रिवेणी मागे उभी होती. तिने ती पुडी माझ्या हातातून घेतली. कोनाड्यात ठेवली. शेजारी पदराची गाठ सोडून संक्रांतीचा तिळगूळ ठेवला. मग माझ्यापुढे हात पसरला. दुसरी दे.

मी दुसरी तोलली.

रविवार, १६ मार्च

९.१० — त्रिवेणीचं वजन बावन्न किलो चारशे. एकच सतई. मॅडम आत बसल्या. जीप दारात लावून ठेवायला मीच सांगितलं. या वेळी काही झालं तर लगेच परभणी. या वेळी चुकणार नाही.

१०.४५ — बाहेर ओट्यावर आहे. ऊन चढलंय. जिनिंगच्या पत्र्यावर कबुतरं बसतात रोज. आज एकही नाही.

११.३० — आतून बोलण्याचा आवाज. मॅडमचा नाही. तो आवाज मी दोन वर्षं सहा महिने ऐकलेला नाही. त्रिवेणी बोलते आहे! हसते आहे. वेणी नीट घाल म्हणते आहे कुणाला तरी.

ती बोलली. लिहून ठेवतो. साडेअकरा. ती बोलली.

११.५० — दुसरा आवाज उत्तर देतो आहे.

१२.१५ — मॅडम बाहेर आल्या. पांढऱ्याफटक. आत दोघी आहेत म्हणाल्या, अप्पा, दोघी आहेत, मी काही घेतलेलं नाही, मला दिसतंय. गाडी चालू करते, त्रिवेणीताईंना उचलून आणा, त्यांचं अंग भाजतंय.

जीप चालू झाली. मी आत जातो आहे.

१२.३० — सतईवर त्रिवेणी. मांडीवर डोकं. पिवळी पट्टी. हिरवी वेल.

पायाचा अंगठा. शालूची पट्टा तुटलेली डावी चप्पल —

त्रिवेणीला उचललं. दारात काटा आहे. दाराकडे जायला काट्यावरूनच — माझं वजन वजा जाता एकोणपन्नास किलो दोनशे. बरोब्बर.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, अहो, हिला दवाखान्यात न्या.

पहिलं वाक्य. मला.

१२.४० — दोघींनाही नेतो. हो म्हणालो. मागे वळलो, तिलाही उचललं. जड आहे. खरी आहे. ओली आहे. काट्यावर —

एक्केचाळीस तीनशे.

बाहेर हॉर्न वाजतोय.

१२.५० — त्रिवेणी दुसऱ्यांदा म्हणाली, न्या.

नेतोच. खिशात थर्मामीटर आहे. तोच. डॉक्टर पहिलं तेच विचारतील, ताप किती, केव्हापासून. आकडा हातात असलेला बरा. दोन मिनिटं.

१२.५५ — शालू १०३.४. त्रिवेणी १०३.४.

ती डोळे उघडून बघते आहे. ओठ हलले. अप्पा, लिहिलं का?

लिहिलं बाळा.

हॉर्न. त्रिवेणी तिसऱ्यांदा —

१.०० — हातातून पेन सुटत नाही. ठेवायचं म्हणतो. आधी ओळ पुरी —

हॉर्न थांबला. गाडी आहे का गेली —

त्रिवेणी चौथ्यांदा. मी तिला काहीतरी म्हणालो. मी काय म्हणालो ते मला ठाऊक आहे.

ती गप्प झाली.

३.०० — १०३.८. १०३.८. पेनातली शाई लाल आहे. मी लाल आणलेली नव्हती. एवढ्या तापाला दवाखाना लागत नाही

५.०० —